मँडरिनचा वर्ग कोणासाठी?

सॅन फ्रान्सिस्को शहरातील सार्वजनिक शाळेने मेमी टेप या चिनी वंशाच्या मुलीला प्रवेश नाकारला. ते प्रकरण १८८५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल मुलीच्या बाजूने लागला. पण विधिमंडळाने लगोलग कायदा करून चिनी मुलांसाठी निराळ्या शाळेची सोय केली! त्याच शहरातील सरकारी प्राथमिक शाळांत २००६ पासून मँडरिन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिकविणारे वर्ग चालू झाले. ज्यांच्या घरी चिनी भाषेचा गंधही नाही, असे पालकही आता त्या वर्गांसाठी अर्ज करतात. काळाने उगविलेला हा सूड गोड आहे खरा. तथापि द्वैभाषिक शिक्षणाचा प्रश्न मुळात कोणासाठी उपस्थित झाला होता, याचा विसर पडता कामा नये.

१९७१ साली या शहराच्या शाळांत इंग्रजी न येणारे २८५६ चिनी विद्यार्थी होते. त्यांतील सुमारे १८०० मुलांना भाषेची कोणतीही जादा शिकवणी मिळत नव्हती. न कळणाऱ्या भाषेतील धडे ऐकत ती दिवस काढीत. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली एकमताने निर्णय दिला, की सर्वांना तेच शिक्षक आणि तीच पुस्तके दिली म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. उपाय कोणता योजावा, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. ती मोकळीक पुढे राजकारणाच्या हाती गेली. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शिक्षण जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीतूनच व्हावे असा कौल दिला आणि २०१६ साली त्याहून मोठ्या बहुमताने तो फिरविला. या दुसऱ्या प्रस्तावाच्या नावातच 'जागतिक अर्थव्यवस्थे'साठी शिक्षण असे शब्द होते. निर्वासिताच्या पोराचा हक्क मागे पडून व्यापारातील लाभ पुढे आला, तो असा.

लाभाची ही दृष्टी त्याज्य आहे असे नव्हे. मँडरिन ही काही फावल्या वेळात येणारी विद्या नाही. अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांसाठी तिला सुमारे २२०० तास धरते. स्पॅनिशला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. देवनागरीची बाराखडी घोटून झाली की आपले मूल अनोळखी शब्दही वाचू लागते. चिनी लिपीत मात्र चिन्हामागून चिन्ह वर्षानुवर्षे गिरवावे लागते. तेव्हा बालवर्गापासून गणितासारखा विषयच मँडरिनमधून शिकविण्याची युक्ती शहाणपणाची आहे. यूटा राज्याने २००८ साली कायदा करून अशा शिक्षणाला आधार दिला. तेथे अर्धा दिवस एका भाषेचा, अर्धा दुसरीचा, अशी वाटणी असते.

अशा वर्गाचे खरे बळ मात्र दोन्ही घरांतील मुले एका बाकावर बसण्यात आहे. एकाची घरची भाषा दुसऱ्याची शाळेची भाषा होते आणि चिनी घरातील मूल प्रथमच वर्गात जाणकार ठरते. येथे एक मेख आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील जुन्या चिनी कुटुंबांपैकी बहुतेकांची बोली कॅन्टोनीज वा तोयशानीज. मँडरिन त्यांनाही शिकावीच लागते. म्हणजे चिनी चेहऱ्याचे मूल वर्गात दिसले, एवढ्याने त्याच्या घरच्या भाषेची सोय झाली असे शाळा मंडळाला म्हणता येणार नाही. नवे वर्ग उघडताना मंडळाने कॅन्टोनीजचे जुने वर्ग राखावेत आणि नुकत्याच आलेल्या मुलांच्या जागा आधी बाजूला काढून मगच उरलेल्या जागांचे अर्ज मागवावेत.