आमची भाची कुठल्या रकान्यात?

मागच्या पावसाळ्यात नांदेडहून ताईचा फोन. गल्लीत घरोघरी ताप-खोकला, पण बाईसाहेब एकदम कूल. "पिल्लूचा फ्लूचा डोस झालाय की रे, मला काय टेन्शन नाही." मी पुण्यात, ऑफिसात, समोर एक्सेल शीट. सहज विचारलं, "आणि दुसरा?" पलीकडे शांतता. "दुसरा असतो?"

असतो, बॉस! सहा महिन्यांच्या पुढचं बाळ ही लस पहिल्यांदा घेतं तेव्हा किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. मग पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी एक. हा इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला. आमची पिल्लू तेव्हा १४ महिन्यांची. डोक्यात किडा वळवळला, हिला 'लस घेतलेली' म्हणायचं का? 'निदान एक डोस' मोजलं तर ती आत, 'पूर्ण' मोजलं तर बाहेर. मुलगी तीच, टक्के दोन! आणि पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी, कारण फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो.

मग नांदेड-लातूरचा आकडा शोधायला बसलो. (माहेर लातूर, ताईचं सासर नांदेड, त्यामुळे दोन्ही घरचेच.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हावार पत्रकं उघडली. बीसीजी आहे, पोलिओ, पेंटा, गोवर, रोटा, सगळं आहे. फ्लूचा रकानाच नाही! कारण साधं आहे. सरकारच्या नियमित बाल लसीकरणात ही लस नाही. २००९ मध्ये पुणं स्वाइन फ्लूने हादरलं, २०१५ मध्ये राज्याने गरोदर बायका, मधुमेही अशांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. चिमुरड्यांसाठी मात्र खाजगी दवाखाना आणि दीड-दोन हजारांची नोट मोजणं. म्हणजे नोंद राहते एखाद्या डॉक्टरांच्या कपाटातल्या फाइलीत.

सगळी कपाटं उघडून बेरीज केली तर? तरी फक्त अंश मिळेल. छेदाचं काय? जी बाळं त्या दवाखान्याची पायरीच चढली नाहीत, ती कुठे धरायची? मुखेड-कंधारकडची ऊसतोडीची कुटुंबं हंगामात लेकरं घेऊन साखर कारखान्यांकडे जातात. घराला कुलूप दिसलं म्हणून मोजणारा शेजारच्या दारात गेला, की टक्का आपोआप गोरागोमटा!

खरं मोजायचं तर घरोघरीच जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची एक जुनी पद्धत मला भारी आवडली. लोकसंख्येच्या प्रमाणात ३० गावं-वस्त्या निवडायच्या, प्रत्येक ठिकाणी ७ मुलं. झाली २१०. उत्तर साधारण १० टक्के इकडे-तिकडे. प्रत्येक घरी पहिलं वाक्य, "कार्ड दाखवा." कार्ड नसेल तर आईच्या आठवणीवर भरवसा.

आणि इथेच खरी गोची. पोलिओच्या रविवारी करंगळीला शाई तरी असते. फ्लूच्या डोसाला काय? मांडीत एक सुई, तशा आणखी चार. त्यात पेंटामधल्या एका घटकाचं नावच हिमोफिलस इन्फ्लुएंझा! तो जिवाणू, फ्लूशी त्याचा संबंध नाही. पण फाइलीवर 'इन्फ्लुएंझा' एवढंच वाचून कुणी टिक केली, की फ्लूची लस न घेतलेलं बाळ थेट 'घेतलेल्यां'त.

मी ताईला विचारलं, पहिला डोस कधी झाला? "मागच्याच महिन्यात की." म्हटलं, फाइलीचा फोटो पाठव. तारीख बघितली तर सात आठवडे उलटलेले! आमची ताई एमएससी आहे, बरं का. तिची आठवण ही अशी, तर फडावर दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला तारीख कुठल्या तोंडाने विचारायची?

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला तरी चालतो, पहिल्यापासून सुरुवात नको. शनिवारी दुसरा डोस झाला. ताईने त्या पानाचा फोटो मला पाठवला, लातूरला आईलाही. मी तारीख झूम करून बघत होतो, तेवढ्यात आईचा रिप्लाय आला, "लेकरू लई रडलं का गं?"