कुत्र्याच्या खाजेसाठी रक्ताची ॲलर्जी तपासणी : रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा?

मुंबई : परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' गावाकडच्या माणसांनाही ऐकून माहीत असतं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव. त्याच आवारात 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं देऊनही कुत्र्याची खाज थांबली नाही, की कुणी परळला न्यायला सांगतं, तर कुणी म्हणतं, रक्त काढून मुंबईच्या लॅबला पाठवा, कशाची ॲलर्जी आहे ते कळेल.

या दुसऱ्या सल्ल्यात एक गोम आहे. कुत्र्याला ॲलर्जी आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीवरून ठरत नाही.

या तपासणीत 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं मोजतात. धूळकिडे, परागकण, बुरशी यांच्याविरुद्ध शरीराने ती किती तयार केली, एवढंच त्यात दिसतं. पण प्रतिपिंडं सापडली म्हणजे खाज त्यामुळेच, असं नाही. ठणठणीत कुत्र्यांचे रिपोर्टही पॉझिटिव्ह येतात. उलट ॲलर्जीची सगळी लक्षणं असलेल्या काही कुत्र्यांचे निगेटिव्ह येतात. खरजेचा किडा आणि घरातल्या धुळीतला किडा एकमेकांच्या नात्यातले, त्यामुळे साधी खरूज झालेल्या कुत्र्याच्या रिपोर्टातही 'धुळीची ॲलर्जी' उमटू शकते. मालक गोधड्या धूत बसतो आणि खरूज तशीच राहते.

म्हणून आधी बाकीची कारणं बाद करायची. गोचीड-पिसवांवर औषध, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं, पावसाळ्यात ओल्या अंगावर वाढणाऱ्या बुरशी-जंतूंवर उपचार. आपल्याकडच्या दमट हवेत खाजेचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. खरजेचा किडा खरवडून दरवेळी हाती लागतोच असं नाही, तेव्हा संशय असला तर डॉक्टर सरळ औषध देऊन बघतात. एवढं करूनही पंजे चाटणं, कान फडफडवणं, काखा-पोट लाल होणं चालूच राहिलं, तर ॲलर्जीचं निदान लक्षणांवरून होतं.

मग रक्त तपासायचं कशाला? तर ॲलर्जीची लस बनवायला. निदान पक्कं झालं आणि मालक लसीला तयार असला, तर तिच्यात काय घालायचं हे निवडायला रिपोर्ट कामाला येतो. या लसीने निम्म्याहून जास्त कुत्र्यांना फरक पडतो, पण कधी कधी वर्षभर वाट पाहावी लागते. कातडीत थेंब-थेंब टोचून करायची दुसरी तपासणीही त्याच कामाची. तिच्यासाठी केस भादरावे लागतात, बहुतेकदा गुंगीही द्यावी लागते.

खाण्याच्या ॲलर्जीचं मात्र वेगळं. 'कोंबडी, गहू, दूध, तांदूळ पॉझिटिव्ह' अशा यादीवर भरवसा ठेवण्याजोगा पुरावा नाही. केस-लाळेची पाकिटं तर विचारूच नका. 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्र्याच्या केसांऐवजी नकली केस पाठवले, तरी ॲलर्जीची यादी आलीच!

खाण्याची ॲलर्जी ओळखायचा खरा मार्ग घरातच आहे, पण चिकाटीचा आहे. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एकच मांस किंवा मासा आणि एकच पिष्टमय पदार्थ, असं आठ आठवडे द्यायचं. आयुष्यभर दूध-भाकरी आणि कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला मासे-रताळं चालेल, आधी कधी दिलं नसेल तर. खास विघटित प्रथिनांचं तयार खाद्यही मिळतं, महाग पडतं. या काळात बिस्कीट नाही, दूध नाही, शेजारच्यांचं उष्टं नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. गावात मोकळा फिरणारा कुत्रा असेल तर बांधूनच ठेवावा लागतो, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

खाज कमी झाली, तर जुनं खाणं पुन्हा सुरू करून बघायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर ॲलर्जी खाण्याचीच. परत आली नाही, तर खाज कमी झाली ती दुसऱ्याच कारणाने, मग अन्नाला दोष द्यायचा नाही. मधल्या काळात स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तर गुण खाण्याचा की गोळीचा हे सांगता येत नाही, म्हणून ती कधी बंद करायची हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या.