सरकारी दप्तरातील कागद कसा मागावा

अतिवृष्टीने खरिपाचे पीक हातचे गेले म्हणजे गावोगाव नुकसानीचे पंचनामे होतात. पुढे मदतीची यादी लागते, आणि एखाद्या शेतकऱ्याचे नाव तीत नसते. तो कचेरीत जाऊन विचारतो, "माझे नाव का नाही?" "चौकशी करू" एवढेच उत्तर घेऊन तो हात हलवीत परत येतो.

वास्तविक त्याने मागावयास हवा होता तो पंचनाम्याचा कागद. गट क्रमांक चुकला, बाधित क्षेत्र कमी लिहिले गेले, की त्या शेताचा पंचनामाच झाला नाही, हे कागद पाहिल्यावाचून निश्चित सांगता येत नाही. तो कागद पाहण्याचा व त्याची प्रत घेण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ह्या कायद्याने प्रत्येक नागरिकास दिला आहे. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यापूर्वी महाराष्ट्रात ह्या विषयाचा राज्याचा स्वतंत्र कायदा होता.

अर्ज कसा लिहावा

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक सार्वजनिक कार्यालयात ह्या कामासाठी जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. अर्ज त्याच्या नावे करावा. कागद कशासाठी हवा, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. अर्जाची फी १० रुपये असून ती रोखीने अथवा कोर्ट फी स्टँप लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने तसा दाखला जोडल्यास फी पडत नाही.

ह्या कायद्याखाली मिळते ती दप्तरात असलेली माहिती. "माझ्यावर अन्याय का झाला?" असे लिहिल्यास अधिकाऱ्याला काढून देण्याजोगा कागदच सापडत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "अमुक गावच्या अमुक गट क्रमांकाच्या, अमुक सालच्या खरीप हंगामातील पीकनुकसान पंचनाम्याची प्रत मिळावी." गाव, गट, साल व कागदाचे नाव ह्या चार गोष्टी स्पष्ट असल्या की कागद शोधणे सुलभ होते.

कचेरीत अर्जाचे काय होते

अर्ज दिल्यावर तारखेची पोच अवश्य घ्यावी, कारण मुदतीचे दिवस तेथून मोजले जातात. मागितलेला कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास अर्ज ५ दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदारास तसे कळविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. "हे आमचे काम नव्हे" असे म्हणून अर्ज परत करता येत नाही.

नंतर अधिकारी कागद शोधवितो, पाने मोजतो व प्रतींचा खर्च कळवितो. नेहमीच्या आकाराच्या पानास २ रुपये पडतात. हे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. म्हणून पैसे त्वरित भरावेत. एरवी ३० दिवसांच्या आत उत्तर मिळालेच पाहिजे. मुदत टळल्यास प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. प्रती घेण्याऐवजी कागद समक्ष पाहावयाचे असल्यास पहिल्या तासास आकार नाही.

सर्वच कागद मिळतात असे मात्र नाही. दुसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती, चालू तपासास बाधा आणणारी माहिती इत्यादी गोष्टी नाकारता येतात. परंतु नाकारताना कारण, कायद्याचे कलम आणि अपील कोणाकडे करावयाचे हे लेखी कळवावे लागते. कागदाचा काही भागच देण्याजोगा नसेल, तर तेवढा वगळून बाकीचा द्यावा लागतो.

अपील

उत्तर आले नाही अथवा समाधानकारक वाटले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्याची फी २० रुपये आहे. त्याचा निकाल ३० दिवसांत, व कारणे नमूद केल्यास फार तर ४५ दिवसांत द्यावयाचा असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. वाजवी कारणाशिवाय विलंब करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यास आयोग दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत, दंड करू शकतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी

माहितीचा अर्ज केल्याने मदत मंजूर होत नाही. नाव राहून गेल्याची तक्रार तहसील कार्यालयात वेगळी द्यावी, आणि ती प्रतीची वाट न पाहता प्रथमच द्यावी. प्रत हाती आली की ती तक्रारीस जोडावी. मग तोंडी वादास जागा उरत नाही. चूक कोणत्या रकान्यात झाली हे बोट ठेवून दाखविता येते. सातबाराचा उतारा तर आता संगणकावर ठराविक फी भरून लगेच मिळतो. त्यासाठी ह्या कायद्याची ३० दिवसांची वाट धरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी पुढाकार घ्यावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास साह्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे; पण गावातच कोणी नीट अर्ज लिहून दिला, तर शेतकऱ्याची एक खेप वाचते. लाभार्थ्यांच्या याद्या मागणी येण्याची वाट न पाहता फलकावर लावाव्यात, आणि आपले दप्तर क्रमवार व सूचीसह ठेवावे. ज्या कचेरीत कागद जागच्या जागी सापडतो, तेथे तीस दिवसांचे काम तीन दिवसांत होते, आणि शेतकऱ्याला पुढच्या पेरणीपूर्वी आपला हिशेब कळतो.