बाजरीवरचा आळ

शिरूरकडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. त्यांना थायरॉइडची गोळी सुरू झाली तेव्हा जाऊबाईंनी बजावलं, "कोबी-फ्लॉवर बंद, आणि बाजरी तर अजिबात नको." कोबी सोडला तरी चालेल, पण ऐन थंडीत बाजरी सोडून खायचं काय, असं त्या विचारतात.

कोबीपासून सुरुवात करतो, कारण त्याचा किस्सा मला फार आवडतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अ‍ॅलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर सिफिलिसचा अभ्यास करत होते. सशांना खायला मुख्यतः कोबी. बघता बघता सशांच्या गळ्याशी भलीमोठी गलगंडं दिसायला लागली, आणि त्यांचा सिफिलिसशी काही संबंध नव्हता! १९२८ साली हे छापून आलं आणि कोबी बदनाम झाला तो आजतागायत. पण ससे तो कच्चा आणि पोटभर खात होते. आपण फोडणीला टाकतो. कोबीतली त्रासदायक द्रव्यं सुटी करणारं विकर शिजवल्यावर निकामी होतं. तेव्हा कोबीची भाजी खुशाल करा.

बाजरीच्या बाबतीत मात्र जाऊबाई अगदीच हवेत बोललेल्या नाहीत. सुदानच्या दारफुरमध्ये ज्या खेड्यांत बाजरी हेच मुख्य अन्न, तिथे गलगंड जास्त आढळलं. बाजरीत व्हायटेक्सिनसारखी द्रव्यं असतात, कोंड्यात अधिक. थायरॉइड ग्रंथीतलं जे विकर आयोडीन हार्मोनमध्ये गुंफतं, त्याच्याच कामात ती अडथळा आणतात. आणि कोबीसारखं इथे शिजवून सुटका होत नाही, भाकरी कितीही खरपूस भाजा.

मग सोडायची का? मी तरी सोडणार नाही. दारफुरच्या त्या खेड्यांत आयोडीनचा तुटवडा होता आणि ताटात सकाळ-संध्याकाळ बाजरीच. आपल्याकडे भाकरीबरोबर पिठलं, मेथी, दही असतं. उन्हाळा लागला की बाजरी आपोआप मागे पडते. शिवाय घरात आयोडीनयुक्त मीठ असतं.

असतं ना? कारण पत्राच्या शेवटी बाई सहज लिहून गेल्यात : "मीठ मी सैंधवच वापरते." खरं तर पत्र इथून सुरू व्हायला हवं होतं. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच. समुद्राचं खडेमीठही या बाबतीत कामाचं नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० ची, गरोदरपणी त्याहून जास्त. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम असावं, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. डबा मात्र चुलीपासून लांब आणि झाकण घट्ट हवं. दमट हवेत आयोडीन कमी होत जातं.

मीठ बदललं म्हणून गोळी मात्र सुटणार नाही. मोठ्या वयात थायरॉइड मंदावतं ते बरेचदा शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवरच उलटल्यामुळे. तिथे बाजरीचाही दोष नाही आणि मिठाचाही. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, दुधाचा चहा नंतर. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.