आठ इंच पाण्यातली होडी

फ्लोरिडातला बिस्केन उपसागर नकाशावर ऐसपैस दिसतो, पण पुष्कळ ठिकाणी एक-दीड पुरुषच खोल, त्यात वाळूचे उथळे. खोल पठाणाचं, म्हणजे तळाच्या कण्याचं, गलबत तिथे ओहोटीला रुतणारच. कोकणातल्या तांडेलाला हे समजावायला नको. राल्फ मन्रो यांनी १८८६ साली या पाण्यासाठी ‘एग्रेट’ आखली. लांबी २८ फूट, आणि मधली फळी वर घेतली की बुडणार जेमतेम आठ इंच.

मन्रो न्यूयॉर्ककडचे, पुढे कोकोनट ग्रोव्हला स्थायिक झालेले. त्यांचं १८९१चं घर आता सरकारी उद्यानात जपलं आहे. बाकी चरित्र राहू दे. मी अडकलो तो होडीच्या आकारात.

मूळ वाण न्यू हेवनच्या कालवंवाल्यांच्या सपाट बुडाच्या ‘शार्पी’ होड्यांचा. मन्रोंनी बूड अरुंद ठेवलं, बाजू वर जाताना बाहेर झुकवल्या आणि मागचं टोकही नाळेसारखं निमुळतं केलं. होडी कलली की झुकती बाजू पाण्यात उतरते आणि तिला सावरते. मागून येणारी लाट निमुळत्या टोकावर दुभंगते. फुटत्या लाटांतून खाडीत शिरायला याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

उथळ नौकांची धास्ती मात्र उगाच नव्हती. २० जुलै १८७६ रोजी स्टेटन आयलंडजवळ ‘मोहॉक’ ही सुमारे १४० फुटी, सहाच फूट बुडणारी नौका वाऱ्याच्या एका झोतात आडवी झाली. शिडं चढलेली, त्यांचे दोर पक्के बांधलेले. आतलं नीरम, म्हणजे तोलाचं वजन, घसरलं. मालक विल्यम गार्नर पत्नीसह बुडाले. रुंद नौका आधी ताठ उभी राहते, पण फार कलली की तिचा सावरण्याचा जोर झपाट्याने सरतो. म्हणून नीरम तळाशी आणि जखडलेलं हवं.

आणि ती फळी! तिच्याशिवाय होडी वाऱ्याकडे चढत नाही, नुसती आडवी सरकते. फळीसाठी मधोमध उभी पेटी लागते. केबिनमधली मोक्याची जागा तिने खाल्लेली. पेटीचे सांधे गळतात. होडी वाळूवर टेकली की चिरेत खडे, शिंपले शिरतात आणि फळी नेमकी हवी तेव्हा उतरत नाही. आजच्या उथळ ॲल्युमिनियम नौकांनाही हे शिंपल्यांचं दुखणं चुकलेलं नाही. पेटीत चिकटलेले शिंपले खरवडायला फळी पूर्ण खाली सोडावी लागते, म्हणजे वाळूवर सुखाने बसणारी ही नौका त्या कामापुरती तरी बहुतेकदा यारीने उचलून अधांतरी धरायची. यारीचं भाडं वेगळं.