कायदा झाला, पण नियम कुठंयत?

संसदेत कायदा पास झाला की त्याची बातमी होते. पण अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती लागणार, हे नंतर मंत्रालय नियमांत ठरवतं. त्यावर सभागृहात चर्चा क्वचितच होते.

म्हणून लोकसभेची 15 खासदारांची सबॉर्डिनेट लेजिस्लेशन कमिटी असते. मंत्र्यांना तिथे जागा नाही. राज्यसभेचीही अशीच कमिटी आहे. नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातोय का, सहा महिन्यांत आला का, हे त्या बघतात.

सीएए डिसेंबर 2019मध्ये पास झाला, नियम आले मार्च 2024मध्ये! तोवर गृहमंत्रालय या कमिट्यांकडे मुदतवाढ मागत राहिलं.

कमिटी नियम रद्द करू शकत नाही, फक्त शिफारस करते. तरी मला ती महत्त्वाची वाटते, कारण उशिराचा जाब विचारायला कुणीतरी हवंच ना?