पंचवीसपट लहान मोटारीचं मागचं दार

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



माझ्या हातात ही जी मोटार आहे, ती मागच्या रांगेतून दिसणार नाही. व्याख्यान संपलं की पुढे येऊन बघा. हातात घेतली तरी चालेल, फक्त तिची एरियल धरू नका. ती मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या प्लॅस्टिकच्या तारेची आहे, लगेच तुटते.

ही १९५१ सालची शेव्हरोले. मी तत्त्वज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हा उद्योग सुरू केला. घरच्यांना वाटलं, म्हातारा खेळायला लागला. खेळच आहे. पण या खेळानं मला एक प्रश्न असा समजावला, जो मी तीस वर्षं वर्गात शिकवत होतो आणि मला पुरता समजला नव्हता. प्रश्न साधा आहे. ही मोटार आहे का?

आपल्या नागपूरकरांना हा प्रश्न परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेला लाकडी बैल ओढत घरोघर जातात, बोजारा मागतात. त्या बैलाला झूल असते, शिंगांना बेगड असते. आजी त्याला कुंकू लावते, ओवाळते. आजीला तो बैल खरा वाटतो का? नाही, तिला काही भ्रम झालेला नाही. मग तो खोटा आहे का? खोट्याला कोणी ओवाळत नाही.

आपल्या परंपरेत याला नाव आहे: चित्रतुरगन्याय. चित्रातल्या घोड्याचा दाखला. नाटकात नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला नेमकं कशाचं ज्ञान होतं, हे सांगताना श्रीशंकुकानं तो दिला. चित्रातला घोडा पाहून आपण म्हणतो, 'हा घोडा.' हे ज्ञान खरं नाही, कारण त्यावर बसता येत नाही. खोटंही नाही, कारण नंतर कुणी 'अरे, फसलो' म्हणत नाही. 'घोडा आहे की नाही' असा संशयही नसतो. आणि 'हे घोड्यासारखं आहे' असंही आपण म्हणत नाही. आपण सरळ 'घोडा' म्हणतो. चारही नेहमीच्या खणांत न बसणारं हे पाचवं ज्ञान.

आता हा घोडा तयार कसा होतो, ते बघू. तुम्हाला वाटेल, सोपं आहे. मोठी वस्तू घ्यायची आणि सगळं पंचवीसनं भागायचं.

भागून बघा. या शेव्हरोलेच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११५ इंच, म्हणजे सुमारे २९२ सेंटिमीटर. भागिले २५, साधारण पावणेबारा सेंटिमीटर. इथपर्यंत ठीक. आता दार आणि बॉडी यांच्यातली फट घ्या. खऱ्या गाडीत ती पाच मिलिमीटर धरली, तर इथे एक पंचमांश मिलिमीटर हवी. माझ्या हातानं कोरलेली रेघ अर्धा मिलिमीटर झाली, तर खऱ्या गाडीत ती साडेबारा मिलिमीटरची फट होईल. बोट जाईल त्यातून! आणि रंग? रंगाचे थर एक दशांश मिलिमीटर जाड झाले, तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप बसल्यासारखं झालं. कोरलेली अक्षरं, बारीक कडा, सगळं बुजतं. म्हणून रंग पातळ करून, एअरब्रशनं, हलक्या हातानं द्यायचा. आपल्याकडे मे महिन्यात तो बॉडीवर पडायच्या आधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं लॅकरवर पांढुरकी झाक येते. म्हणून मी रंगकाम दिवाळीनंतर काढतो.

म्हणजे बघा, सगळं सारख्या प्रमाणात लहान होत नाही. काही गोष्टी ठेवायच्या, काही सोडायच्या, काही मुद्दाम बदलायच्या. तेव्हा लहान मोटार ही मोठ्या मोटारीची नुसती नक्कल नसते. मोठ्या मोटारीत काय महत्त्वाचं, याबद्दल कुणीतरी केलेली ती निवड असते. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचं उदाहरण.

अशी निवड अमेरिकेतही झाली. १९४८ साली मिशिगनमध्ये ए.एम.टी. नावाची कंपनी निघाली. ती मोटार विक्रेत्यांसाठी छोट्या गाड्या बनवायची. नवीन वर्षाचं मॉडेल शोरूममध्ये आलं की टेबलावर तशीच छोटी, त्याच रंगातली. गिऱ्हाइकाला दाखवायला आणि त्याच्या पोराच्या हातात द्यायला. मग १९५८ मध्ये त्यांनी त्याच गाड्या सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढल्या. जोडायचं काम तुमचं. एका खोक्यात तीन गाड्यांचा पर्याय: कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा मनासारखी सजवलेली. त्या तिसऱ्या प्रकारातूनच मॉडेल आपल्या मनाप्रमाणे बदलण्याचा छंद वाढला. छत कापून खाली आणायचं, बॉडी चाकांवर खाली बसवायची, दारांच्या मुठी घासून काढायच्या, ज्वाळा रंगवायच्या.

साहित्य बहुतेक पॉलिस्टायरीनचं. भाग एका चौकटीला फांदीवरच्या कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. ते पिरगाळून तोडायचे नाहीत, ब्लेडनं कापायचे आणि उरलेला देठ पॉलिश पेपरनं घासायचा. जोडायला डिंक लागत नाही, द्रावक लागतं. ते दोन्ही कडा क्षणभर विरघळवतं आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. जोड म्हणून वेगळं काही उरतच नाही. क्रोमच्या पट्ट्यांसाठी अतिशय पातळ चिकट वर्ख मिळतो. तो लावायचा, दातकोरणीनं दाबायचा आणि कडेनं कापायचा. थोडक्यात, बेगड. तान्ह्या पोळ्याचीच कला.

आता आपल्याकडे या. या गाड्या हिंदुस्थानात आल्या कशा? पुष्कळशा खोक्यातूनच! जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथले कामगार ते जोडून शेव्हरोले उभी करायचे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांनी क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या. पुढे १९५३ च्या सुमाराला सरकारी धोरण बदललं. नुसती जुळणी नको, इथेच गाडी बनवण्याचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही आपली जुळणी बंद केली. पण रस्त्यावरच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं धावत राहिल्या.

त्यांतली एक माझे वडील चालवत.

वडील एका मँगनीज व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती, १९५६ पर्यंत. कामठी, कन्हान, मनसर, रामटेक, असा त्यांचा रोजचा रस्ता. गाडी १९५१ ची शेव्हरोले. आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे, कृष्णधवल. वडील बॉनेटला हात न लावता शेजारी उभे आहेत.

निवृत्तीनंतर भाच्यानं अमेरिकेतून मला ए.एम.टी.चा १९५१ च्या शेव्हरोलेचा संच आणून दिला. मी आनंदानं उघडला आणि थबकलो. ती बेल एअर होती. दोन दारांची, मधला खांब नसलेली. स्टीअरिंग डावीकडे.

डावीकडचं स्टीअरिंग समजू शकतो, अमेरिकेची गाडी. पण दोनच दारं का? कारण या संचांचं गिऱ्हाईक तरुण मुलं. त्यांच्या स्वप्नात दोन दारांची सडपातळ गाडी असते. चार दारांची गाडी म्हणजे घरगृहस्थीची, तिचं मॉडेल कोण घेणार? म्हणून या काळातल्या गाड्यांचे संच बहुतेक दोन दारीच निघाले. त्यांची निवड त्यांच्या जागी बरोबर होती. त्या गाडीत जो मालक तोच चालक, आणि शेजारी मैत्रीण.

आमच्या गाडीत मालक मागे बसायचा. मागचं दार नसेल तर मालकाला बसायला जागा नाही. आणि तसा मालक नसेल, तर माझ्या वडिलांना त्या गाडीत कामच नाही. त्या सुंदर संचात माझे वडील कुठेच बसत नव्हते.

मग मी कापाकापी सुरू केली. अमेरिकेतली मुलं साधी गाडी बदलून झोकदार करतात, मी झोकदार गाडी बदलून साधी करत होतो. आधीच्या लांब दाराच्या रेघा पुटीनं बुजवल्या, कारण चार दारी गाडीत पुढचं दार आखूड असतं. मधला खांब प्लॅस्टिकच्या पट्टीचा केला. छताचा मागचा उतार पुटीनं भरून, घासून, पुन्हा भरून सेडानसारखा आणला. याला तीन महिने गेले. डॅशबोर्डाचे तीन तुकडे केले आणि मीटरचा तुकडा उजवीकडे नेला. स्टीअरिंगचा दांडा आणि पेडलंही उजवीकडे. मग नव्या चार दारांच्या रेघा कोरल्या. एकाच दाबात रेघ कोरायला जाऊ नका, सुई घसरते. दहा वेळा हलकेच फिरवा. पहिल्या दोन बॉडी मी अशाच घाईनं वाया घालवल्या.

मग रंगाचा प्रश्न आला. माझ्या आठवणीत गाडी काळी. मी ताईला फोन केला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "काळी नाही रे बाबू, हिरवी होती. बाटलीसारखी."

आता काय करायचं? आमचे नैयायिक इथे कडक आहेत. स्मृतीला ते प्रमा मानत नाहीत. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्मृती हा नवा अनुभवच नव्हे, जुन्या अनुभवाचा ठसा जागा होतो इतकंच. वर्गात मी हे अनेकदा सांगितलं. पण दोन ठसे भांडायला लागले की काय करायचं, हा प्रश्न तिथे कधी आला नाही.

मी ताईला विचारलं, तू गाडी कधी बघायचीस? ती म्हणाली, सकाळी. वडिलांचा डबा घेऊन ती मालकाच्या घरी जायची, तेव्हा ते उन्हात गाडी पुसत असत. आणि मी? मी गाडी बघायचो ती संध्याकाळी, दिवे लागल्यावर, गल्लीच्या तोंडाशी. गडद हिरवा रंग संध्याकाळी काळाच दिसतो. मी हे सिद्ध झालं असं म्हणत नाही, हे अनुमान आहे. पण त्यात दोघांचीही आठवण वाचते, म्हणून मी ते स्वीकारलं.

रंग देताना पुन्हा एक अडचण. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. म्हणून आम्ही त्यात थोडा पांढरा किंवा पिवळा मिसळून तो उजळवतो. उजळवला तर ताईची गाडी होते, माझी राहत नाही. नाही उजळवला तर माझी होते. मी उजळवला. तिनं ती गाडी उन्हात पाहिली होती.

गाडी पूर्ण झाली आणि ताईकडे घेऊन गेलो. तिनं चष्मा लावला, हातात घेतली, फिरवून बघितली. क्रोमला काही म्हणाली नाही, रंगालाही नाही. बोटाच्या नखानं मागच्या दाराची रेघ चाचपली आणि विचारलं, "हे उघडत नाही का?"

मी म्हटलं, नाही ताई, रेघ आहे नुसती.

ती म्हणाली, "बाबा उतरून आधी हे दार उघडायचे. शेठजी उतरले की लावायचे. मग डबा घ्यायचे माझ्याकडून."

श्रीशंकुकावर भट्टतौतांनी एक आक्षेप घेतला होता. अनुकरण म्हणता, पण ज्याला कुणी पाहिलंच नाही त्याचं अनुकरण होणार कसं? हा आक्षेप मला त्या दिवशी लागू पडला. मी गाडी पाहिली होती. वडिलांना कामावर पाहिलं नव्हतं, ते ताईनं पाहिलं होतं. मागचं दार असायला हवं हे मला विचारानं कळलं. ते उघडायला हवं, हे तिला पाहून माहीत होतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ही मोटार आहे का? श्रीशंकुकाचं उत्तर मला मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालतो. चित्रातला घोडा पाहून आपण 'घोडा' म्हणतो ते त्याच्यात सगळा घोडा आहे म्हणून नाही. आपल्याला घोड्यात जे महत्त्वाचं वाटतं ते चितारणाऱ्यानं ठेवलं आहे म्हणून. लहान पोराला बैलात चाकं महत्त्वाची वाटतात, कारण त्याला बैल ओढायचा असतो. ताईला मोटारीत दार महत्त्वाचं वाटतं. म्हणून लहान वस्तू करताना आधी विचारायचं, हिच्याजवळ कोण उभं होतं आणि ते काय करत होतं.

सध्या मी दुसरी बॉडी कापतो आहे. यात मागचं डावं दार वेगळं काढलंय. बिजागरीला टाचणीचा तुकडा आहे, वाकवून आत बसवलेला. दार अजून घासतं, पूर्ण उघडत नाही. प्लॅस्टिकची जाडी आड येते, आतून झिजवावी लागेल. दिवाळीनंतर रंग देईन.

बस, इतकंच. आता पुढे या, बघा. आणि प्रश्न विचारा, पण एरियल सांभाळून.